नाही म्हणणारा दिसला पाहिजे

मोठ्या बाबूंना ‘कृपया’ या शब्दाची चीड होती. मी शाळेत नवीन लागले तेव्हा सहलीसाठी एसटीच्या आगाराला पत्र लिहिलं होतं, ‘कृपया दोन बसगाड्या उपलब्ध करून द्याव्यात.’ त्यांनी लाल पेनानं तो शब्द खोडला आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

“मॅडम, बस पाहिजे ना? मंग बस पाहिजे म्हनून लिवा. कृपया कोन म्हनते, मालूम आहे का तुमाले? ज्याले तुमाले हाकलाचं आहे पन हात नाही लावाचा, तो.”

मी हसले. म्हातारपणाची खोड असेल असं वाटलं. ते तेव्हा पंचावन्नचे असतील, म्हणजे म्हातारे नव्हतेच. पण मी चोविशीत होते, आणि चोविशीत टक्कल पडलेला प्रत्येक माणूस म्हातारा वाटतो.

शाळा सानगडीच्या पुढे, एका तलावाच्या पाळीला लागून. पटावर तीनशे मुलं, आणि बाबू, म्हणजे कारकून, एकच. तरी सगळं गाव त्यांना मोठे बाबू म्हणायचं. छोटे बाबू त्या शाळेत कधी कोणी नव्हतेच. लांब हातपाय, पांढरा सदरा, चष्म्याला बांधलेला काळा दोरा. सायकल टेकवली की आधी नळावर जायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसायचे आणि मगच कम्प्युटरवरचं कापड काढायचे. हात धुतल्याशिवाय त्यांनी त्या यंत्राला कधी शिवलं नाही. यंत्र कुठल्याशा योजनेतून आलेलं, मॉनिटर पोटफुग्या आणि पिवळा पडलेला. टाइप करायचे एका बोटानं. दुसरा हात टेबलावर सपाट ठेवलेला, जसं एखादं जनावर बिथरू नये म्हणून पाठीवर ठेवावा.

पडद्यावर जे अक्षर उमटेल ते ते मोठ्यानं वाचायचे, आणि त्याला उत्तर द्यायचे. ‘थांबा’ असं आलं की म्हणायचे, “थांबलो.” ‘आपण मनुष्य आहात याची खात्री करा’ असं आलं की म्हणायचे, “पहिले तू कर.” स्टाफरूम भिंतीपलीकडेच होती. आम्ही तिकडे चहा पिताना हे ऐकायचो आणि एकमेकांकडे बघून हसायचो. तो हसण्याचा आवाज त्यांना ऐकू जात असणारच. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

एका वाक्याला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. शाळेची सगळी माहिती ज्या सरकारी संकेतस्थळावर भरायची, त्यावर एका सकाळी पांढरं पान आलं आणि मधोमध दोन ओळी: ‘आपण वापरत असलेला ब्राउझर या संकेतस्थळाद्वारे समर्थित नाही. कृपया अद्ययावत आवृत्ती वापरावी.’

ते वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग मला हाक मारली.

“मॅडम, ब्राउझर म्हन्जे खिडकी. बरोबर आहे ना? त्याच्यातून आपन पाहतो. आता दुकान उघडं आहे, मी पिशवी घेऊन उभा आहो, अन् दुकानदार म्हनते, तुमच्या घरची खिडकी जुनी आहे, माल भेटत नाही. हे काय आहे?”

बाबूंना राग येण्याचं आणखी एक कारण होतं. दोनच वर्षांपूर्वी त्याच संकेतस्थळासाठी साकोलीला प्रशिक्षण झालं होतं. तिथं एका तरुण साहेबानं सगळ्या बाबूंना दम दिला होता, की तो निळ्या ई-चा जुना ब्राउझरच वापरायचा, दुसरं काही टाकायचं नाही, टाकलं तर साइट चालणार नाही आणि जबाबदारी तुमची. मोठ्या बाबूंनी ते वहीत लिहून घेतलं होतं. दोन वर्षं त्यांनी त्या निळ्या ई-ला पोरासारखं जपलं. आणि आता तोच चालत नव्हता. बदलाचं कोणी कळवलं नाही. चिठ्ठी नाही, फोन नाही. एका सकाळी दार बंद.

नवा ब्राउझर टाकून पाहिला. तो म्हणाला, ही आवृत्ती आपल्या संगणकप्रणालीवर चालत नाही. प्रणाली बदलायला गेलो. ती म्हणाली, आपलं यंत्र किमान आवश्यकता पूर्ण करत नाही. मग नवं यंत्र मागायचं ठरलं. त्याची मागणी नोंदवायची होती त्याच संकेतस्थळावर.

“चार दरवाजे आहेत मॅडम,” ते म्हणाले. “अन् चारही दरवाज्याइवर लिवलं आहे, बाजूच्या दरवाज्यातून या.”

मग त्यांनी पोस्टकार्डं लिहायला सुरुवात केली. संकेतस्थळाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पुण्याचा पत्ता होता, तो त्यांच्याकडे आधीपासून उतरवलेला होता. दर सोमवारी एक कार्ड. मजकूर एकच: ‘आमचे यंत्र जुने आहे. आम्ही जुने नाही. दार उघडावे.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. अकराव्या कार्डाला उत्तर आलं. छापील होतं. ‘कृपया आपली तक्रार संकेतस्थळावर नोंदवावी.’

ते उत्तर त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. मुख्याध्यापक सर ते बघून म्हणाले, “मोठे बाबू, येडे झाले का तुम्ही? काचेखाली देवाचा फोटो ठेवतात.”

“सर, देव तरी उत्तर कुठं देते?” बाबू म्हणाले. “यानं दिलं.”

सर आणि ते, दोघांचं जमत नव्हतं. सर नागपूरचे, शनिवारी दुपारी निघून जायचे ते सोमवारी दहाला उगवायचे. त्यांच्या लेखी बाबूंची जिद्द म्हणजे कामचुकारपणा. मला वाटायचं, सरांचं थोडं बरोबरच आहे.

बाबूंच्या वडिलांची गोष्ट मला एकदाच कळली, तीही त्यांनी सहज सांगितली म्हणून. वीज गेली होती, आम्ही दोघं व्हरांड्यात उभे होतो. समोर तलाव भरलेला होता. म्हणाले, हा तलाव पूर्वी मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा. एका वर्षी पावसानं दडी मारली, धान फुटव्यावर आलेलं, आणि पाणी सोडायचं की नाही हे मालगुजार ठरवणार. यांचे वडील तेव्हा विशीतले. पाणी मागायला गेले. दिवाणजीनं दारातूनच सांगितलं, मालक घरी नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिन्ही दिवस आतून मालकाच्या हसण्याचा आवाज येत होता. चौथ्या दिवशी शेताच्या बांधीतलं धान वाळलं होतं.

“माजा बाप म्हने,” बाबू म्हणाले, “त्यानं तोंडावर नाही म्हनलं असतं तं मी भांडलो असतो. ताकद नव्हती, पन भांडलो असतो. नाही म्हननारा दिसला पाहिजे. दिसलाच नाही तं भांडू कोनाशी? दाराशी?”

ते तलावाकडे वळले.

“छप्पन साली दीक्षा घेतल्यावर माजा बाप कोनाच्या दारात उभा नाही रायला. मले शिकवलं. बाबू केलं. अन् मी पाहा, रोज सकाळी हात धुवून दारातच उभा रायतो.”

वीज आली, ते आत गेले.

खरी गोष्ट घडली ती त्यानंतरच्या जूनमध्ये. दहावीचा निकाल लागला होता. माझ्या वर्गातल्या नऊ मुलींना नागपूरच्या सरकारी वसतिगृहासाठी अर्ज करायचे होते. वसतिगृह मिळालं तरच त्यांचं पुढचं शिक्षण, नाही तर नाही, इतकं ते सरळ होतं. गावात अकरावी नव्हती. आणि अर्ज मुलींनी करायचे नव्हते, शाळेनं करायचे होते. शाळेच्या लॉगिनमधून. त्याच संकेतस्थळावर.

मोठ्या बाबूंनी नऊही मुलींचे कागद गोळा केले, टाचण्या लावल्या, टेबलाच्या खणात ठेवले. मग मदतीसाठी दिलेल्या नंबरवर फोन लावत बसले. तासन् तास वाजत राहायचं. गुरुवारी एकदाची एक मुलगी बोलली. बाबूंनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सर, दोन दिवसांत जुन्या ब्राउझरवरसुद्धा सुरू होईल. तुम्ही काळजी करू नका.” शनिवार शेवटची तारीख होती.

“माणूस बोलला, मॅडम,” फोन ठेवून ते म्हणाले. चेहरा उजळला होता. “माणसानं सांगितलं, होते म्हनून.”

“मोठे बाबू, आपण लाखनीला सायबर कॅफेत जाऊन भरून टाकू ना. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“नाही.”

“का नाही?”

“आज कॅफेत गेलो, तं उद्या ते म्हनतीन, चालते ना याइचं, मंग दुरुस्त कायले कराचं? गावोगावचे बाबू असेच कॅफेत जाऊन राहिले, म्हनून तिकडं कोनाले समजतच नाही का दार बंद आहे. अन् लेकराइची जात, पत्ता, आईबापाची कमाई, हे सारं मी चौकातल्या दुकानात उघडू? पासवर्ड बाहेर वापराचा नाही म्हनून त्याइचंच परिपत्रक आहे.”

“पण मुलींचं काय?”

“शनिवारपर्यंत होते. ते पोरगी बोलली ना.”

त्यांचं सगळं बरोबर होतं. आज मी ते शब्द लिहिताना पुन्हा तपासले, एकही चूक सापडत नाही. पण त्या दिवशी मला इतका संताप आला की कानशिलं तापली. तुमच्या बापाच्या मालगुजाराशी भांडायचं तर भांडा, त्यासाठी माझ्या पोरी कशाला पणाला लावता? हे मी तोंडावर बोलले नाही. बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी शनिवारी सकाळी, ते नळावर हात धूत असताना, काचेखाली त्या छापील उत्तराशेजारी ठेवलेल्या चिठ्ठीवरून पासवर्ड उतरवून घेतला आणि लाखनीची बस धरली.

लाखनी माझं माहेर. हायवेला लागून एका दुकानात चार कम्प्युटर होते. बाहेर ट्रकांची रांग, आत गर्मी. संकेतस्थळ झटक्यात उघडलं. मला वाटलं, बघा, एवढंच होतं! मी माझ्या वर्गाची यादी काढली आणि एकेक अर्ज भरत गेले. मुलींना फोन करून जे हवं ते विचारलं. चार वाजेपर्यंत सगळे गेले. मी बाहेर येऊन रसवंतीवर रस प्यायले, आणि मनात बाबूंना काय काय सुनवायचं ते घोकत घरी गेले.

सोमवारी सुनवलं. बरंच सुनवलं. “तुमची पोरगी बोलली होती ना दोन दिवसांत होईल म्हणून? झालं का? मी भरले म्हणून भरले गेले, नाही तर बसल्या असत्या सगळ्या घरी.”

त्यांनी ऐकून घेतलं. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत ते त्या पांढऱ्या पानासमोर बसून होते, हे मला शिपायानं आधीच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, “किती भरले?”

“सगळे.”

“किती?”

मी यादी पाहिली. “आठ.”

त्यांनी खण उघडला. टाचण्या लावलेले नऊ गठ्ठे काढले, एकेक नाव वाचत बाजूला ठेवत गेले. शेवटचा हातात धरला.

“अन् हे?”

पौर्णिमा. ती कोंढ्याहून आली होती. वडील वारले म्हणून आईनं तिला इथं मामाकडे आणून ठेवलं, ऑगस्टमध्ये. माझी यादी त्याआधीच, वर्ष सुरू होताना जूनमध्ये, टाइप केलेली. त्यात ती नव्हती. वर्षभर ती दुसऱ्या बाकावर माझ्या समोर बसली, सगळ्यांत आधी वही दाखवायला उभी राहायची, आणि मी तिला विसरले. बाबूंच्या खणात ती होती. माझ्याकडे नव्हती.

लाखनीच्या दुकानात फोन करून बघायला लावलं. संकेतस्थळ आता नव्या ब्राउझरवरही एकच सांगत होतं, मुदत संपली आहे.

मला रडू आलं. बाबू रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “आठ तुमच्यामुळं गेल्या. माझ्यानं तं एकही नसती गेली. माझं चुकलंच. पन ही रायली, हे आपल्या दोघाइचं आहे. उद्या भंडाऱ्याले जाऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर गेले तर त्यांच्या पायाशी सतरंजीत बांधलेलं मोठं गाठोडं. मॉनिटर आणि खालचा डबा. कीबोर्ड त्यांनी माझ्या हातात दिला.

“हे कशाला?”

“त्याइनं म्हनलं यंत्र जुनं आहे. त्याइनं पाहिलं आहे का? दाखवू.”

“सरांना विचारलं?”

“सर काल आलेच नाही, अजून नागपूरलेच आहेत. फोन लागत नाही.”

साकोलीला बस बदलली. कंडक्टरनं गाठोड्याला पाय लावून पाहिला. “काय आहे बाबूजी याच्यात?”

“शाळेचा कम्प्युटर. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊन राहिलो.”

“काय झालं त्याले?”

“त्याले काही नाही झालं. ज्याइनं त्याले बिमार ठरवलं त्या डाक्टरले भेटाचं आहे.”

बस हसली. मी कीबोर्ड मांडीवर घेऊन खिडकीतून बाहेर पाहत राहिले. लाज वाटत होती. लाखनी स्टँडवर कोणी ओळखीचं चढू नये असं वाटत होतं.

भंडाऱ्याचं ते ऑफिस कोणतं, ते इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मोठा हॉल, दोन कूलर, आठ टेबलं. आमचं काम ज्या टेबलावर होतं तिथले बाबू वयानं लहान होते. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, “मुदत संपली. आता काही नाही होत. साइट पुण्याहून चालते, आमच्या हातात नाही.”

“मंग कोनाच्या हातात आहे?”

“सिस्टीमच्या.”

“सिस्टीम कोन्या टेबलावर बसते?”

त्या बाबूंनी मान खाली घातली आणि फाईल उघडली. म्हणजे निघा. मोठे बाबू निघाले नाहीत. त्यांनी गाठोडं सोडलं. मॉनिटर रिकाम्या टेबलावर ठेवला, डबा खाली, आणि कूलरची पिन काढून स्वतःची लावली. जूनचे दिवस. हॉलभर ओरडा झाला. ओरडा चालू असतानाच त्यांनी शेजारच्या टेबलावरची नेटची वायर काढून आपल्या डब्यात खोचली. मी दाराशी उभी, कीबोर्ड छातीशी धरून. त्यांनी हात पुढे केला, मी दिला.

पान उघडलं. पांढरं. मधोमध दोन ओळी. त्यांनी त्या हॉलला ऐकू जातील अशा वाचल्या.

“हे तुमाले मालूम आहे का?” त्यांनी विचारलं. “आता तुमच्यावर उघडा.”

“आमच्यावर कशाला?”

“उघडा तं.”

ज्यांची वायर काढली होती त्यांच्या टेबलापलीकडे एक कम्प्युटर चालू होता. त्यावर एका बाईंनी उत्सुकतेनं उघडून पाहिलं. पांढरं पान. त्याच दोन ओळी.

दाराशी बसलेला शिपाई खो खो हसला आणि मग तोंडावर हात ठेवून बाहेर पळाला.

“मंग तुमी काम कसं करता?” मोठ्या बाबूंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

त्या बाई म्हणाल्या, “भाऊ, माझ्या मुलाचा लॅपटॉप आणते मी घरून. सहा महिने झाले.”

“तुमी सांगतलं कोनाले?”

“कोणाला सांगणार?”

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. इतके दिवस मी समजत होते की पलीकडे कोणीतरी आहे, आणि तो आम्हाला आत घेत नाही. पलीकडे ही बाई होती, मुलाचा लॅपटॉप घेऊन. ती पण बाहेरच उभी होती. मग दार कोणी लावलं? ज्यानं लावलं तो कुठल्या तरी गार खोलीत बसून, ‘कृपया’ लिहून, घरी गेला होता. त्याला आम्ही माहीतच नव्हतो. मला इतका राग आला की माझी लाज कुठे गेली ते कळलं नाही. मी जाऊन बाबूंच्या शेजारी उभी राहिले.

त्या ऑफिसच्या साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. तरुण होते, बोलायला गोड. म्हणाले, “मॅडम, माझी सहानुभूती आहे तुम्हाला. पण मुदत संपल्यावर अर्ज घेता येत नाही. नियम आहे.”

“ठीक आहे,” मोठे बाबू म्हणाले. “मंग नाकारल्याचं लिहून द्या.”

त्यांनी पिशवीतून कागद काढला. घरून लिहून आणला होता, त्या सुंदर वळणदार अक्षरात. ‘कुमारी पौर्णिमा हिचा वसतिगृहाचा अर्ज, तिच्या शाळेच्या संगणकातील ब्राउझर जुना असल्याच्या कारणावरून नाकारण्यात येत आहे.’ खाली साहेबांचा हुद्दा आणि सहीसाठी जागा.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. वाचलं. टोपण परत लावलं.

“असं कसं लिहिता येईल?”

“मंग कसं लिवू? तुमी सांगा, मी लिवतो. मी बाबू आहो, मले सवय आहे.”

“लिहा... तांत्रिक कारणास्तव.”

बाबूंनी लिहिलं. “कोनतं तांत्रिक कारन?”

“ते... कार्यालयाच्या नियंत्रणाबाहेरच्या...”

“तुमच्या नियंत्रणाबाहेरचं आहे, तं तुमी नाकारून कसे राहिले?”

“मग लिहा, विहित मुदतीत अर्ज प्राप्त झाला नाही.”

“मुदतीच्या आधी अकरा कार्डं लिवली, फोनवर तुमची पोरगी बोलली. तिचं नाव, वेळ, सारं माझ्यापाशी आहे. ते पन लिवतो खाली. मंग सही करा.”

असे चार कागद झाले. प्रत्येक कागद साहेबांनी वाचला, पेन उघडलं, आपल्या नावाकडे पाहिलं आणि पेन मिटलं. संकेतस्थळानं जे वाक्य हजारो लोकांना तोंडावर फेकलं होतं, त्याच्या खाली एक माणूस आपलं नाव लिहायला तयार नव्हता. पाचव्या कागदाच्या वेळी ते खुर्चीत मागे रेलले.

“अर्ज ठेवून जा. मी पुण्याला बोलतो.”

“पोच द्या.”

पोच मिळाली. शिक्क्यासकट. वीसएक दिवसांनी दुसरी यादी लागली, तीत पौर्णिमाचं नाव होतं. ती नागपूरला गेली. पुढे नर्सिंग केलं, आता भंडाऱ्यालाच एका दवाखान्यात आहे. मी तिला कधी सांगितलं नाही की मी तिला विसरले होते.

आम्ही निघताना साहेबांनी दारातून विचारलं होतं, “हा संगणक शाळेबाहेर आणायला मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आहे ना?” गोड आवाजातच.

आठ दिवसांत शाळेला पत्र आलं. सर लालबुंद झाले होते, आणि मनातून खूशही. चौकशी लागली. बाबूंना शिक्षा झाली, निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना. निरोपसमारंभ त्यांनी घेतला नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मला चार दिवसांनी कळलं.

पण मला जे सांगायचं आहे ते चौकशीच्या आधीचं आहे. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर टाइप केलेला कागद होता, माझं निवेदन. ‘सदर कर्मचाऱ्यांनी कोणाचीही परवानगी न घेता शासकीय संगणक परस्पर बाहेर नेला व मला सोबत येण्यास भाग पाडले.’ मी शिक्षणसेवक होते, कायम व्हायला चार महिने होते. सरांनी ते बोलून दाखवलं नाही. म्हणाले, “यातलं काही खोटं असेल तर सांगा.”

‘भाग पाडले’ हे खोटं होतं. मी सांगितलं नाही. लॉगिन मी चोरलं, मुलीला मी विसरले, यातलं काहीच त्या कागदात नव्हतं, तेही मी सांगितलं नाही. सही केली.

“आता जावकला द्या,” सर म्हणाले.

शाळेत बाबू एकच. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर तेच घालायचे. मी तो कागद घेऊन त्यांच्या टेबलापुढे उभी राहिले. त्यांनी घेतला, चष्मा सारखा केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काहीतरी मनातल्या मनात वाचताना पाहिलं. ओठही हलले नाहीत. ‘भाग पाडले’ या शब्दांपाशी थांबले असतील का, मला कळलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होते.

“मॅडम.”

“हो?”

“तारीख चुकली आहे. आपन मंगळवारी गेलो होतो. इथं बुधवारची तारीख आहे. चुकीच्या तारखेचा कागद टिकत नाही, चौकशीवाला फेकून देते.” त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. “दुरुस्त करा, अन् बाजूले छोटी सही करा.”

मी तारीख दुरुस्त केली. बाजूला छोटी सही केली. त्यांनी शिक्का मारला, वहीत ओळ लिहिली, नंबर घातला, कागदाची घडी करून पाकिटात सरकवली आणि पाकीट चिकटवलं.

“घ्या,” ते म्हणाले. “आता हे कोनी वापस नाही करत.”

त्यांनी ‘हे खोटं आहे’ म्हणावं, ओरडावं, फाडून टाकावं, म्हणून मी किती वेळ तिथं उभी राहिले कोण जाणे. ते दुसऱ्या कामाला लागले होते. मग मी पाकीट घेतलं आणि चौकातल्या लाल पेटीत स्वतःच्या हातानं टाकून आले.